पावसाळ्यात नव्या कपाटाला परत वास का येतो? गम, प्लाय आणि टेपची घरच्या घरी तपासणी

जूनमध्ये चार सरी पडून गेल्या की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, तो वास परत आला हो." फर्निचर दसरा-दिवाळीला झालेलं असतं. पहिला महिना घरभर वास, मग थंडीत तो गेल्यासारखा वाटतो आणि लोक विसरून जातात. पाऊस लागला, खिडक्या बंद झाल्या, की कपाट उघडल्याबरोबर डोळ्यांत पाणी. मी पुण्यात फर्निचर दुरुस्तीची कामं करतो. नवीन कामं कमी, दुसऱ्यांनी केलेली निस्तरणं जास्त. या एका तक्रारीपायी इतक्या घरांत गेलोय की आता ठरलेल्या क्रमानेच बघतो. तो क्रम इथे देतो. यातलं बरंचसं तुम्हाला फुकटात करता येईल.

आधी लक्षणं

"वास येतो" एवढ्यावर काही कळत नाही. कसला येतो ते सांगा.

कपाट किंवा ड्रॉवर उघडताच नाकात झोंबणारा तिखट वास, डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, घडी घातलेल्या कपड्यांनाही तोच वास, आणि दमट हवेत किंवा मे महिन्याच्या दुपारी तो वाढणं, हे असेल तर बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू. तो प्लाय, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डच्या आत जो गम असतो त्यातून सुटतो.

थिनरचा डबा उघडल्यावर येतो तसा गोडसर वास आणि डोकं जड होणं, हे सनमायकाखाली लावलेल्या पिवळ्या गमचं काम. जोडीला सनमायकाला कुठेतरी फुगा आलेला असतो.

व्हिनेगरसारखा आंबट वास सिंकच्या किंवा काचेच्या कडेला असेल तर तो सिलिकॉनचा. काही दिवसांत आपोआप जातो, त्याच्या मागे लागू नका.

ओल्या गोणपाटासारखा कोंदट वास म्हणजे बुरशी. तिथे गमचा काही दोष नाही, भिंतीची ओल बघा.

आणि दोन वास असे की ते आले तर हा लेख बाजूला ठेवायचा. माशासारखा किंवा जळकट वास कपाटातल्या लाइटजवळ किंवा स्विचजवळ येत असेल तर वायर किंवा सॉकेट तापत असेल. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. किचन ट्रॉलीत गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका, आणि घराबाहेर जाऊन गॅस एजन्सीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा. एका घरात "फर्निचरचा वास" म्हणून मला बोलावलं होतं आणि निघाली गॅसची चिरलेली नळी. तेव्हापासून मी किचनमध्ये पहिलं नाक तिथेच नेतो.

वास परत का येतो

हे समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ लागतो, म्हणून थोडं सविस्तर.

स्वस्त प्लाय आणि बोर्डमध्ये लाकडाचे थर किंवा भुसा धरून ठेवतो तो युरिया आणि फॉर्मल्डिहाइडचा गम. हे दोन जोडले जाताना पाणी बाहेर पडतं. रसायनशास्त्राची गंमत अशी की पाणी परत आत शिरलं की तोच जोड थोडाथोडा सुटतो आणि फॉर्मल्डिहाइड मोकळा होतो. उष्णतेनेही वेग वाढतो. म्हणजे थंडीत जो वास गेला तो वरवरचा, मोकळा राहिलेला. जुलैत येतो तो गम सुटू लागल्याचा. "नवीन आहे, जाईल हळूहळू" हे निम्मंच खरं, ते यामुळे.

याला नाक मुरडून सोडून देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेसाठी संघटनेने २०१० मध्ये दिलेली मर्यादा ३० मिनिटांच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. एका कपाटाने कुणाला कर्करोग होतो असं मी म्हणत नाही, घाबरवायचं तर मुळीच नाही. पण बंद खोलीत चार भिंतींना चार कपाटं आणि मध्ये बाळाचा पाळणा, हे चित्र मी नेहमी बघतो, आणि ते मला आवडत नाही.

तपासणी १: कपाट रिकामं करा (खर्च काही नाही)

सगळं बाहेर काढा. डांबरगोळ्या, फिनेल, बुटांचे डबे, ड्रायक्लीनच्या पिशव्या, सगळं. कपाट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा आणि दारं उघडी ठेवून दोन दिवस जाऊ द्या. मग रात्रभर दारं बंद ठेवा आणि सकाळी एकेक खण वेगळा उघडून हुंगा. निम्म्या वेळा इथेच कळतं की वास सगळ्या कपाटाला नाही, एकाच खणाला किंवा ड्रॉवरच्या तळाला आहे. तळाला बहुतेक वेगळा, पातळ आणि स्वस्त बोर्ड ठोकलेला असतो.

या टप्प्यावर लोक जे करतात ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. रूम फ्रेशनर मारतात. उदबत्ती लावतात. उदबत्तीच्या धुरात स्वतःच फॉर्मल्डिहाइड असतो, म्हणजे आगीत तेल. कोळशाची पुरचुंडी ठेवतात. साधा कोळसा थिनरचा वास थोडाफार धरतो, फॉर्मल्डिहाइड त्याला फारशी दाद देत नाही. महागडं एअर प्युरिफायर आणतात, पण हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू त्यातून निघून जातो. आणि झाडं. झाडांवर माझा राग नाही, गॅलरीत माझ्याही आहेत. पण अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा घराच्या नेहमीच्या हवेच्या ये-जा इतकं काम करायला चौरस मीटरमागे १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. कमीत कमी ११० कुंड्या. मग झोपायचं कुठे?

हवा खेळती ठेवणं हाच या टप्प्यावरचा उपाय. समोरासमोरच्या दोन खिडक्या, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू, कपाटाची दारं उघडी. पावसात खिडकी फटीएवढी तरी उघडी ठेवा. एसी लावून खोली बंद केलीत तर तीच हवा फिरत राहते.

तपासणी २: उघड्या कडा शोधा (टॉर्च आणि हात)

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुण इथे येतो.

सनमायका लावलेल्या सपाट बाजूतून वायू फारसा बाहेर पडत नाही. तो पडतो कापलेल्या कडेतून, आणि सुतार कडा तिथेच झाकतो जिथे मालकाची नजर जाते. फळीच्या समोरच्या कडेला पट्टी असते. मागची, खालची, भिंतीकडची कड उघडी. फळीखाली हात घाला आणि बोटं मागच्या कडेवरून फिरवा: गुळगुळीत लागलं तर पट्टी आहे, ओल्या बिस्किटासारखं खरखरीत आणि भुगा बोटाला आला तर कड उघडी. मग टॉर्च आणि आरसा घेऊन एवढं बघा: माळ्याच्या आतली बाजू, ड्रॉवरच्या तळाच्या कडा, बिजागरीसाठी पाडलेलं ३५ मिलिमीटरचं भोक, वायर काढायला पाडलेली भोकं, आणि कपाटाची पाठ. पाठीला सनमायका लावणं ही आपल्याकडे चैन समजतात, आणि पाठच पावसाळ्यात ओल्या भिंतीला चिकटून उभी असते.

उपाय स्वस्त आहे. दिसणाऱ्या कडेला पट्टी लावून घ्या. न दिसणाऱ्या कडांना चपडा लाख चालते. साधारण २०० ते २५० ग्रॅम लाख १ लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, गाळायची, आणि ब्रशने तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू देऊन. भोकांत कापसाच्या बोळ्याने. लाख आपल्याच देशातल्या झाडांवरच्या किड्याची, आणि असले वायू अडवण्यात चांगली. स्पिरिट मात्र पेट घेतं आणि त्याची वाफही चांगली नाही: देवाजवळचा दिवा, गॅस सगळं बंद, खिडक्या सताड उघड्या, मुलं दुसऱ्या घरी. कामानंतर दोन दिवस स्पिरिटचा वास येईल, तो धरू नका.

सील करण्याआधी भिंत ओली आहे का बघाच. ओल तशीच ठेवून पुढून कितीही लाख लावली तरी मागून गम सुटत राहतो.

तपासणी ३: बरणीची परीक्षा

काम झाल्यावर उरलेले प्लायचे तुकडे माळ्यावर पडलेले असतात. दोन बोटं रुंद तुकडा काचेच्या बरणीत टाका, कापसाचा एक ओला बोळा सोबत, झाकण घट्ट. दुसऱ्या बरणीत नुसता ओला बोळा. दोन्ही दिवसभर उन्हात किंवा पाऊस असेल तर फ्रिजच्या मागच्या उबेत ठेवा. संध्याकाळी झाकण उघडून नाक खुपसू नका, हाताने वारा घालून वास घ्या. तुकड्याच्या बरणीतून झोंबलं तर गुन्हेगार बोर्ड. नाही झोंबलं तर संशय सनमायकाखालच्या गमवर.

"दादा, आमचा ७१० आहे, दुकानदाराने सांगितलंय." आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्यात फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा गम असतो. नावात फॉर्मल्डिहाइड असलं तरी हा जोड पाण्याने सुटत नाही, म्हणून वायूही अगदी कमी. थरांमधली गमची रेघ गडद तपकिरी दिसते. या प्रतीला ७२ तास उकळूनही थर सुटायला नकोत, अशी मानकाची अट आहे. तुम्हाला ७२ तास नकोत. टाकाऊ भांड्यात, गॅलरीत, तुकडा तासभर उकळा. युरियाच्या गमचा असेल तर बहुतेक वेळा पापुद्रे सुटून पत्त्यांसारखा उघडतो. तासभर टिकला म्हणजे ७१० सिद्ध झाला असं नाही, पण उघडला तर शिक्का खोटा हे नक्की. मी शिक्क्यावर विश्वास ठेवत नाही, पातेल्यावर ठेवतो.

तपासणी ४: सनमायकाखाली काय आहे

बोटाच्या पेराने सनमायकावर टकटक करत जा. भरीव आवाज यायला हवा. पोकळ आवाज आला, फुगा दिसला, कड किंचित उचललेली असली, तर खाली अडकलेला गम आहे.

पिवळा गम, ज्याला सुतार नुसतं 'सोल्युशन' किंवा 'एसआर' म्हणतात, तो कृत्रिम रबर सॉल्व्हंटमध्ये विरघळवून बनवतात. दोन्ही बाजूंना लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. थांबणं हे कामाचं मर्म, आणि रोजंदारीवर तेच परवडत नाही. ओला असताना दाबला की सॉल्व्हंट सनमायका आणि प्लायच्या मध्ये कोंडतो. एका घरी आठ महिन्यांनी मी पटाशीने कोपरा उचलला, तर खालचा गम अजून तार धरत होता, गुळाच्या पाकासारखी. खोलीत असा वास सुटला की मालकीणबाई गॅलरीत पळाल्या.

लहान फुगा असेल तर त्याला सुई टोचून इस्त्री फिरवायचे सल्ले ऐकाल. माझं मत: करू नका. सॉल्व्हंट पेट घेणारा असतो आणि कोंडलेला किती आहे ते कळत नाही. तो तुकडा काढून, खरवडून, वाळवून पांढऱ्या गमने परत बसवणं हाच खरा उपाय, आणि ते सुताराचं काम.

'इको-फ्रेंडली' डब्यावरचं वाचायचं कसं

वडील सरस वापरायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांचा, शंभर टक्के नैसर्गिक. डब्यात डबा ठेवून पाण्यावर उकळायचे तेव्हा शेजारचे खिडक्या लावून घेत. म्हणून 'नैसर्गिक' हा शब्द मला तेवढा भुलवत नाही. उलट पांढरा फेविकॉल म्हणून जो ओळखतात तो पीव्हीए गम खनिज तेलाच्या रसायनांपासून बनतो, मातीत सहज कुजतही नाही. पण वाळताना त्यातून उडतं ते मुख्यतः पाणी. पृथ्वीला बरा आणि फुप्फुसांना बरा, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि डब्यावरचं हिरवं पान दोन्हींना एकच उत्तर देतं.

'नॉन-टॉक्सिक', 'ग्रीन', 'हर्बल' यांना डब्यावर फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो आकड्याला: व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारी रसायनं, लिटरला किती ग्रॅम, तो. आकडा नसेल तर दुकानदाराकडे कंपनीचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. सीआयआय या उद्योग संघटनेचा 'ग्रीनप्रो' शिक्का असेल तर निदान कुणीतरी तपासलंय. बोर्डवर ई-१ किंवा ई-० बघा, बोर्डातून किती फॉर्मल्डिहाइड सुटतो त्याच्या या प्रती. युरोपच्या ई-१ मध्ये चाचणीच्या खोलीतली मर्यादा घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा बोर्डची चाचणी करतानाची. एकाच खोलीत वीस बोर्ड कोंबले तर तुमच्या हवेची हमी ती देत नाही.

सपाट जागी पांढराच गम सांगा. त्याला रात्रभर दाब लागतो, म्हणून सुतार कुरकुर करेल, एक दिवस जास्त मागेल. द्या. पिवळा गम गोलाई आणि कडांपुरता, तोही पाण्यात बनवलेला मिळाला तर उत्तम.

टेपबद्दल थोडं

टेपचा संबंध काय, असं वाटेल. पांढरा गम वाळेपर्यंत सनमायका धरून ठेवायला खाकी टेप मारतात. ती तीन दिवस राहिली की मागे चिकट पट्टा, आणि तो काढायला सुतार घरभर थिनर फिरवतो. कागदी मास्किंग टेप सांगा, आणि दुसऱ्याच दिवशी काढून घ्या. उन्हात राहिलेली मास्किंग टेपही हट्टी होते. राहिलेला चिकटपणा केसांच्या ड्रायरने ऊब देऊन, खोबरेल तेल चोळून, मग साबणाच्या पाण्याने जातो. कच्च्या लाकडावर तेल नको, डाग पडतो.

काळी पीव्हीसी टेप विजेसाठी आहे, तिथेच वापरा. तिच्यातलं मऊ ठेवणारं तेलकट रसायन गरमीत बाहेर झिरपतं. गॅसजवळच्या ट्रॉलीत फळीवरचा कागद या टेपने चिकटवलेला मी पाहिलाय, वर्षाने तिथे काळा चिखल होता. खोकी बंद करायला पाणी लावून चिकटणारी कागदी टेप मिळते, खोक्याबरोबर रद्दीत जाते.

मुलांच्या कागदकामाला मैद्याची खळ पुरते. एक वाटी मैदा, चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवायची. फ्रिजमध्ये थोडे दिवस टिकते. टिकावी म्हणून बाइंडिंगवाले मोरचूद घालतात तो घालू नका, विषारी आहे. आणि खळ लावलेलं काही कपाटात ठेवू नका, झुरळं आणि कसर यांना आमंत्रण.

कुठे थांबायचं

घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल आणि डोळे चुरचुरत असतील तर तपासण्या नंतर, आधी त्यांची झोपायची खोली बदला. धाप, छातीत घरघर, अंगावर पुरळ, बाहेर गेलं की बरं वाटणं आणि घरी आलं की परत, हे डॉक्टरांना सांगा. सुताराला नाही.

कडा सील केल्या, महिनाभर हवा खेळवली, तरी वास तसाच असेल तर मोजणी करून घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मीटरवर जाऊ नका. एका गृहस्थांनी मीटर दाखवलं, मी सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला आणि आकडा उड्या मारायला लागला. त्या यंत्राला स्पिरिटही कळतं आणि फोडणीही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून हवेचा नमुना घ्या. आकडा मर्यादेच्या बराच वर आला तर तो बोर्ड काढणंच आलं, आणि काढताना धूळ आणि वायू दोन्ही उसळतात, तेव्हा स्वतः करवत घेऊन बसू नका. काढलेला बोर्ड बंबात किंवा शेकोटीत तर अजिबात घालू नका.

नवीन काम चालू असेल तर शेवटच्या दिवशी गमच्या डब्याचं लेबल आणि प्लायवरचा शिक्का यांचे फोटो काढून ठेवा, आणि प्लायचे दोन तुकडे फेकू नका. जुलैत मला फोन केलात तर मी पहिलं तेच मागणार आहे.